लाल दिवा विझेपर्यंत

पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या पार्किंगमध्ये
आता एक स्कूटर कमी उभी राहते.
तिच्या जागी मशीन आहे.
बेड अंबडच्या भंगारातून, किलोच्या भावाने.
सर्वो ड्राइव्ह तीन, सातपूरच्या बंद पडलेल्या कारखान्यातले.
एकावर अजून हळदीकुंकवाचं बोट आहे,
कुठल्या दसऱ्याचं, कोण जाणे.
मी पुसलं नाही.

गांगुर्डेकाका कानटोपी घालून आले.
जानेवारी त्यांच्यामागून शटरखालून आत शिरला.
डाव्या हाताला साडेतीन बोटं, त्याच हाताने
माझं आठवड्याचं काम त्यांनी जरा उचलून पाहिलं:
"ही सगळी जत्रा एकाच डक्टमध्ये?"

मोटरची जाड केबल इकडे,
एन्कोडरची बारीक केबल वीतभर लांब.
"ही कुजबुजते गं. तिच्या आरड्याओरड्यात
हिचं कोण ऐकणार? आणि ऐकलं नाही
की मोटर आपल्या मनाने सुटते."
ओलांडायचंच झालं, तर काटकोनात.
उगाच सलगी नको.

हिरवी-पिवळी वायर मी
एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर नेली होती.
"उसनवारी बंद. ज्याने त्याने आपापल्या वायरने पट्टीवर यायचं."
आणि पट्टीखालचा पॅनेलचा रंग
पॉलिश पेपरने घासून घासून पत्रा उघडा करायचा,
कारण "रंगावर अर्थ लागत नाही."
हे ते इलेक्ट्रिशियन म्हणून बोलले.
मी अजून त्यावर विचार करते आहे.

सातच्या सुमाराला पहिल्यांदा एक्स हलला, मग वाय.
झेड वर चढला, थरथरत,
आणि काका म्हणाले, "आता दाब लाल बटण."
दाबलं. कॉन्टॅक्टर खाड्कन सुटला
आणि अकरा किलोचं हेड
कुणी हात सोडावा तसं खाली आलं.
खाली माझा चहाचा ग्लास होता.
हात नव्हता. दोघंही काचांकडे बघत राहिलो.

"ब्रेक जोडला नाहीस."
त्या मोटरला तो असतो, मी दोन वायरी टेप लावून गुंडाळून ठेवल्या होत्या.
वीज असेतो तो सोडून देतो, वीज गेली की धरतो.
सगळे सोडतात तेव्हा धरणारा.
मी लाजून मेन पाडलं, पाना घेतला,
पॅनेलमध्ये हात घातला—

"थांब!"

एवढ्या मोठ्याने ते आधी कधी बोलले नव्हते.
ड्राइव्हवर एक बारीक लाल दिवा होता, अजून.
"बंद केलं म्हणजे रिकामं झालं असं नसतं.
दहा मिनिटं. बस."

बसलो. उलट्या बादल्यांवर.
त्या दहा मिनिटांत त्यांनी मला सुदाम निकम सांगितला.
दुसरी पाळी. मेन त्याने स्वतः बंद केलं होतं,
पाना असाच हातात.
घरी फोन नव्हता. बायको म्हणायची,
बातमी नाही म्हणजे खुशाली.
रात्री एकपर्यंत ती खुशालीतच होती.

"ते वायरिंगच उलटं होतं," काका म्हणाले,
आणि मला वाटलं निकमच्या पॅनेलबद्दल बोलतायत.
"म्हणून लाल बटणाला एनसी कॉन्टॅक्ट.
करंट सारखा फिरून सांगत राहतो: ठीक आहे, ठीक आहे.
बटण दाबलं, वायर तुटली, उंदराने कुरतडली,
काहीही झालं तरी तो गप्प होतो.
आणि गप्प झाला की थांबायचं. विचारत बसायचं नाही."

दिवा विझला.
तरी त्यांनी मीटर डीसीवर ठेवून दोन टोकांना लावला.
चार व्होल्ट. "आता घाल हात."

साडेआठला निघाले. सिडको, सहावी स्कीम,
सायकलवर फार तर वीस मिनिटं.
"पोचलो की मिस्ड कॉल देतो," म्हणाले.
मी काचा वेचल्या. ब्रेक तपासला:
हेड वरच थांबलं, जिथल्या तिथे.
हे त्यांना सांगायचं होतं.

सव्वानऊ.
फोन पालथा पडला होता, उलटून पाहिला.
काही नाही.
मी मेन पाडलं, स्कूटरची चावी घेतली,
शटर अर्धं ओढलं.
आत लाल दिवा अजून जळत होता.