काळवथर

हरमलच्या कड्याखाली ओहोटीला उभं राहिलं
की बाबांचा धंदा उलगडून दिसतो:
समुद्रानं उभी चिरलेली विहीर,
अर्धी ठेवली, अर्धी नेली.

वर जांभा, भोकाभोकांचा, तांबडा,
लाखो पावसाळ्यांनी चघळलेला.
त्याखाली शेडी, बांधलेल्या दह्यासारखी,
बोट लावावं तर बोटालाच येणारी.
आणि तळाशी फेसात काळवथर,
ज्याच्यापाशी पोचून बाबा हात झाडायचे:
"जागा संपली. मजुरी चुकती करा."

कॉलेजात शिकलो, तिन्ही एकाच घरचे.
लाव्हा थिजला तो काळा.
तोच कुजला, सगळं वाहू दिलं,
लोखंड तेवढं धरून बसला, तो तांबडा.
आमच्या भिंती म्हणजे काळवथराचं म्हातारपण.
बाबांना सांगितलं तर म्हणाले,
"मग आणखी थोडं कुजायला काय झालं होतं?
माझ्या दोन पहारी वाचल्या असत्या."

एक गोष्ट मात्र त्यांनी एकदाच सांगितली,
केरीच्या शाबलो गांवकराच्या विहिरीची.
बत्तीस हातांवर पहार वाजली. ठण.
चिखल पुसला तर खाली फरशी,
कुणी बसवावी तशी, सांध्याला सांधा.
कंदील टेकवून एका फरशीच्या कडा मोजल्या,
एका हाताची बोटं पुरली नाहीत.
देवाची जागा असेल, म्हणून माती परत लोटली,
वर येऊन सांगितलं, पाणी नाही.
मजुरी अर्धीच मिळाली.
पुढे गांवकराच्या अंगणावरून जाताना
वहाणा काढून हातात घ्यायचे.
लोक म्हणत, शाबलोला केवढा मान देतो बघा.

आता पिएदाद इथे कालवं काढतेय,
लोखंडी कांब, कमरेला प्लास्टिकची बादली,
पाय त्याच फरश्यांवर.
या फरश्या नव्हेत, खांबांची डोकी आहेत;
निवता निवता आकसले,
आकसता आकसता तडकले,
कुणी बसवलं नाही.
हे बाबांना सांगायचं राहिलं.
की सांगितलं नाही, ते मलाही नीट माहीत नाही.

मी वाकून मोजतो: सहा, सहा, पाच,
एक चक्क सातांचा.
भरतीचं पाणी घोट्याशी आलंय.

"कितें मेजता रे?" पिएदाद ओरडते.
मग माझ्या उजव्या हाताकडे बघून म्हणते,
त्या चपला ठेव कुठेतरी,
शेवाळ आहे, हात मोकळा लागेल.