पिरॉगं, स्त्रीलिंगी

शरणपूर रोडला, झेरॉक्सच्या दुकानावर
आमचा जर्मनचा क्लास, संध्याकाळी सहा ते साडेसात.
अकरा जणी, सगळ्या नर्स,
निम्म्यांना तिथूनच नाइटला जायचं असतं.

खैरनार सरांनी फळ्यावर लिहिलं: पिरॉगं.
सर सातपूरला मशीनच्या मॅन्युअलवरून जर्मन शिकलेले,
खाण्यापिण्याच्या शब्दांत जरा अडखळतात.
"स्लाव्ह लोकांचा पदार्थ. आत सारण.
उकडतात, किंवा भाजतात."
सर, नक्की काय? उकडतात की भाजतात?
"दोन्हीला हेच. जर्मनला तेवढं चालतं."

आईला नसतं चाललं.
नाताळच्या आठवड्यात तिच्यासमोर करंजीला
कुणी नुसतं कानवला म्हणून बघावं,
लाटणं खाली ठेवते.

मी वहीत उतरवलं, शेवटी अनुस्वार,
म्हणून केळं, भांडं, तसं
ते पिरॉगं, असं वाचलं.
"ती," सर म्हणाले. "ती पिरॉगं."
रोझलिन इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

रात्री नीलिमा बोरस्तेचा आवाज आला फोनवर,
आमच्यातली तीच पहिली गेलेली, लाइपझिगला.
म्हणाली, वॉर्डात एक आजीबाई आहेत, पोलंडकडच्या,
नव्वदीच्या पुढच्या.
दुपारचा मेन्यू वाचून दाखवला मी,
पिरॉगं, अगदी लिंगासकट बरोबर.
तर म्हणतात, हे यांनी ठेवलेलं नाव.
आणि भिंतीकडे तोंड.
मग तुमच्या घरी काय म्हणायचे?
सांगितलं गं त्यांनी,
पण दात काढून वाटीत ठेवलेले,
मला काही कळलं नाही.
मग चादरीची कड चिमटीत घेतली
आणि घातली मुरड. एक. तिच्यावर दुसरी.
सलाईनचा हात होता, धरायला हवा होता मी.
पार उशीपर्यंत गेल्या.

मंगळवारी मी सरांना विचारलं,
मुरड घालणे, याला जर्मनमध्ये काय?
सरांनी चष्मा पुसला, थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं,
आणि पत्र्याची कड वळवतात
त्याचा शब्द दिला.
लिहून घेतला मी.
ती की ते, विचारायचं राहिलं,
साडेसात वाजले होते, रोझलिनने स्कूटी काढली होती.