पाहुणीचं आडनाव

शाळेचा फॉर्म आला : पाहुण्या मुलीस स्वतंत्र पलंग आहे काय?
मी लिहिलं, आहे.
मग समिधाची आणि माझी गादी जमिनीवर आली
आणि पलंगावर नवी चादर, घडीच्या रेघांसकट.
पुढचा प्रश्न : घरात उग्र वासाचे पदार्थ होतात काय?
मी लिहिलं, नाही.
सुक्या बोंबलांचा डबा दोन पिशव्यांत गुंडाळून
समोरच्या तांडेलबाईंकडे दिला.
म्हटलं, सोमवारपर्यंत सांभाळा, दागिने समजून.

आइसलँड कुठे, ते डेपोत कुणालाच सांगता येईना.
टाइमकीपर सावर्डेकर म्हणाले, बर्फ असणार, नावातच आहे.
तरी त्यांनी माझी ड्युटी बदलून दिली.

आउस्दीस आली.
सोळा वर्षांची, कन्नमवार नगरच्या दाराला डोकं टेकेल एवढी,
हँडबॉल खेळून तळहात पोळपाट झालेले.
चपला बाहेर काढायच्या, हे न सांगता कळलं तिला.
बॅगेतून आधी आईने दिलेलं पाकीट काढलं,
मी कात्री लावली,
आणि घरभर...
अगं बाई. सुका मासा!
तिकडे वाऱ्यावर वाळवतात, समिधाने सांगितलं, लोणी लावून खातात.
मी काही बोलले नाही.
उठले आणि तांडेलबाईंची कडी वाजवली.
त्या रात्री बोंबील भाजले, वर कांदा, लाल तिखट.
पोरीने तीनदा मागून घेतलं.
चौथ्यांदा मी डबाच पुढे सरकवला.

मैदानावर त्यांच्या मुलींना खो-खो काही जमेना.
खो मिळायच्या आधीच उठायच्या.
वाघचौरे सर शिट्ट्या मारून दमले.
एकीचं तोंड इकडे, एकीचं तिकडे,
पाठीवर हात पडून शब्द ऐकू येईपर्यंत
उकिडवं बसून राहायचं,
हे त्यांना कुणी शिकवलेलंच नव्हतं.
आमच्या पोरी त्यात पटाईत.
पण हँडबॉलला चेंडू हातात आला
की कुणाकडे तरी बघत उभ्या.
सत्तावीस-चार हरलो.

समारंभाला भाषणं फार झाली.
विश्वस्तांनी त्यांच्या शाळेचं नाव तीन प्रकारे घेतलं,
एकही बरोबर नसावा.
मग प्रमाणपत्रं :
आउस्दीस हेल्गुदोत्तिर.
समिधा प्रल्हाद शिरसाट.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या आडनावं निघाली.
हेल्गा तिची आई. हेल्गुदोत्तिर म्हणजे हेल्गाची लेक, बस एवढंच.
वडील? आहेत की, मासेमारीच्या बोटीवर असतात.
नाव आईचं घेतलं. तिकडे चालतं.
दोत्तिर, दुहिता, समिधा पुटपुटली,
मराठीच्या बाईंनी शिकवलेला शब्द
पहिल्यांदाच कामाला आला होता.
मग पाहुणीने विचारलं, प्रल्हाद कोण?

पंखा फिरत होता. त्याचा एक पाता कुरकुरतो.
प्रल्हाद अकरा वर्षांपूर्वी नाशिकच्या गाडीत बसले.
तेव्हापासून ते फक्त फॉर्मवर राहतात,
माझ्या पोरीच्या नावात, मधोमध.
हे समिधाने सांगितलं की नाही, मला कळलं नाही.
दोघी इंग्रजीत गेल्या होत्या
आणि मी कूस बदलली होती.

सोमवारी पहाटे साडेचारला त्यांची बस.
मी खाली बसून थालीपीठं बांधत होते, दाराकडे पाठ.
अचानक दोन्ही खांद्यांच्या मधे तो पोळपाट पडला :
खो!
ख अगदी स्वच्छ.
तिचं आडनाव मला अजून नीट म्हणता येत नाही.
समिधा हसून हसून पलंगावर पडली.
आई, ऊठ ना! खो मिळाला की उठायचंच असतं.

उठले.
बस गेली. चादरीच्या घड्या तोवर मोडल्या होत्या.
समिधाला विचारलं, उठल्यावर पुढचा नियम काय गं?
म्हणाली, एकदा दिशा घेतली
की मागे वळता येत नाही.

शाळेची कचेरी अकराला उघडते.
माझी ड्युटी आज दुपारची आहे.
वैजयंता हे नाव कुठल्याही फॉर्मच्या
मधल्या रकान्यात मावेल एवढंच आहे,
मी मोजून बघितलं.