दोन कर्ण

कळंबोलीच्या गोदामात छेडाशेठनं विचारलं,
ऐंशी बाय ऐंशी, सहा एमएम, गेट बनवताय?
म्हटलं, मशीन. पितळेवर नावं कोरायला.
त्याला एवढं लोखंड?
नाव हलायला नको म्हणून.
तो हसला नाही. पोऱ्याला म्हणाला,
बाईंना वरचा गंजका माल देऊ नको, खालून काढ.

प्रत्येक पाइपाच्या टोकाशी मी उकिडवी बसले,
एक डोळा मिटून, दुसरा कडेवरून सरकवत.
चौथा होता केळ्यासारखा, अगदी किंचित.
पोऱ्या म्हणाला, कुणाला दिसतंय?
तो ठेवला बाजूला.
उरलेले तीन काट्यावर दोनशे एक्केचाळीस किलो,
हमाली वेगळी,
टेम्पोच्या मागे बांधायला लाल फडकं
मी घरूनच नेलं होतं.

ड्रॉइंग तीन महिन्यांचं.
ऐरोलीत, जेवणाची ताटं उचलल्यावर.
लांबी दुप्पट केली की वाक आठपट,
म्हणून रोज रात्री थोडी हाव खोडत गेले.
दीड मीटरचं स्वप्न बाराशेवर आलं,
रुंदी नऊशे,
आणि कर्ण आपोआप पंधराशे.
तीन, चार, पाच. शाळेतलं उत्तर.
इतकं सुबक आलं की मी दिवा मालवून
थोडा वेळ तशीच बसले.

रबाळ्याच्या गाळ्यात इद्रिसनं
ड्रॉइंग उलटं धरलं, मग सुलटं,
मग घडी घालून खिशात.
चारही कोपऱ्यांना टाके मारले.
म्हणाला, आता सावकाश.
इथे थोडं, मग समोरच्या कोपऱ्यात थोडं,
मध्ये चहा.
लोखंड तापलं की फुगतं, निवलं की ओढतं,
आणि ओढताना विचारत नाही.

पण दुसऱ्या दिवशी शुक्रवार, वीज दिवसभर बंद.
घाई मी केली.
हे लिहून ठेवते, कारण तो कुणाला सांगणार नाही.

रात्री साडेनऊला टेप लावला.
एक कर्ण पंधराशे दोन.
दुसरा चौदाशे अठ्ठ्याण्णव.
पुन्हा मोजला. टेप बदलून मोजला.
माझ्या कागदावर चौकोन होता,
जमिनीवर कुणीतरी खांदा पाडून उभं होतं.

मला वाटलं, कापावं लागणार.
इद्रिसनं काही न बोलता
लांबलेल्या कर्णावर साखळी घातली, ताण दिला,
गॅसनं कोपरा चेरीसारखा लाल केला
आणि ओलं फडकं टेकवलं.
माझंच ते, टेम्पोवरचं.
चर्र झालं. वाफ गेली.
मग एक मिलिमीटर. मग अर्धा.
अकरा वाजता दोन्ही कर्ण
एकमेकांपासून इतके जवळ आले
की टेपच्या रेघेला फरक सांगता येईना.

आता रेल बसवू? मी विचारलं.
तो म्हणाला, मुरू द्या.

हा शब्द मी आधी ऐकलेला.
वागळे इस्टेटमधल्या कंपनीत
बाबांच्या कँटीनमागे
ओतलेल्या लोखंडाचे ठोकळे वर्षभर पडून असत,
ऊन पाऊस खात.
शनिवारी डबा घेऊन गेले की मी त्यांवर बसायची.
कुणी टाकून दिलेत का? नाही ग,
मुरायला ठेवलेत.
आईची लोणच्याची बरणी आणि हे ठोकळे
माझ्या मनात बरेच दिवस एकाच फळीवर होते.

चार महिने चौकट गाळ्याच्या भिंतीशी उभी.
इद्रिसनं तिच्यावर हेल्मेट टांगलं,
कुणी ओला टॉवेल.
एकदा मांजर व्यालं खालच्या पट्टीवर.
मी काही म्हटलं नाही.

काल बाबांचा डायल घेऊन गेले.
पाया लावला, काटा शून्यावर आणला,
श्वास धरून बसलो दोघं.
स्थिर.
मग ठाणे-बेलापूर रस्त्यावरून
भरलेला ट्रेलर गेला,
आणि काटा दोन रेघा थरथरला.

इद्रिस माझ्याकडे बघायला लागला.
मी वहीत तारीख घातली, वेळ घातली,
आणि पुढे लिहिलं: ट्रेलर.
पायांखाली रबर. सोमवारी बघू.