सातापर्यंत

चित्रांचे पत्ते मी स्वतः काढले,
दिवाळीच्या सुट्टीत, भाच्याच्या रंगपेटीतून.
टोपली जरा कढईसारखी झालीय, कबूल.

मैनी हिचामी, दुसरी, पत्त्याकडे बघते.
तिला येतं. तिला येतं हे मला माहीत आहे.
सोमवारी तीनदा म्हणाली होती,
मंगळवारी एकदा.
आज बुधवार, आणि शब्द
खुराड्याच्या दारात थबकलेल्या कोंबडीसारखा,
एक पाय आत, एक बाहेर.
'होता मॅडम, आत्ताच होता.'

पहिल्या वर्षी मी फार दयाळू होते.
कुणी अडलं की लगेच सांगून टाकायची.
पोरं ऐकायची, एका सुरात म्हणायची,
आणि घरी जाताना शब्द
वर्गातच ठेवून जायची, खडू-डस्टरजवळ.
माझाच होता ना तो.

आता थांबते.
मनात सात मोजते.
चाराला दल्सू हात वर करून अर्धा उठतो,
त्याला डोळ्यांनीच खाली बसवते.
सहाला बाहेर शेळी शिंकते,
वर्ग हसतो. मैनी हसत नाही.
सात.
मग नुसते ओठ उघडते:
बा...
'बा... बा... बॉल?'
नाही म्हणत नाही मी.
दोन्ही हातांचा गोल करते,
कमरेवर टेकवते, वर्गभर तशीच चालून दाखवते.
'बायको!' दल्सू ओरडतो.

घंटा.

मार्च लागला की हजेरीपट विरळ होतो.
सोमवारी चौघं, मंगळवारी दोन,
बुधवारी मी आणि खिचडी शिजवणाऱ्या ताई.
मोह पडतोय.
गुरुवारी पहाटेच स्कूटी काढली,
रानाच्या वाटेला लावली.
रागावायलाच निघाले होते, खरं सांगते.

पाचोळा जाळून काळी केलेली जमीन,
तिच्यावर पिवळट फुलं, ओली, टपोरी,
अजून एकेक पडतच होती, टप्,
मध्येच एक माझ्या हेल्मेटवर.
मैनीची आई वाकलेली, पाठीशी बाळ.
थोडं पलीकडे दल्सू, तोंडात फूल.
मैनी घाबरली नाही मला बघून.
बांबूची टोपली उचलली,
भरलेली, तिच्या मानानं जड,
डोक्याच्याही वर धरली:
'मॅडम, बास्केट!'

मी विचारलंही नव्हतं.

आईनं दोघींकडे पाहिलं, काय झालं म्हणून.
मैनी तिला गोंडीत सांगू लागली,
आणि सांगतच राहिली बराच वेळ.
एका शब्दात सांगण्यासारखं एवढं काय असतं?
मी समजतंय असा चेहरा करून उभी.
पिशवीतली कढई आठवली.
काढली नाही बाहेर.

रागवायचं राहूनच गेलं. मीही वेचायला बसले.
तेव्हा एक फूल चिमटीत धरून
तिनं मलाच विचारलं,
'आमच्या बोलीत याले काय म्हणते, सांगा.'

तिनंच शिकवलं होतं, पोळ्याच्या आसपास.
मी अकोल्याकडची, तीन वर्षं झाली इथे येऊन.
वहीत लिहून ठेवलंय, हिरव्या शाईनं,
उजव्या पानावर, वरून तिसरी ओळ.
पान दिसतं. शाई दिसते.
ओळ कोरी.

मैनी सांगत नाही.
मान तिरकी करून बघत राहते,
पाठीमागे धरलेल्या हाताची बोटं
एकेक दुमडते, मला कळू न देता,
म्हणजे तिला वाटतं तसं.
दल्सू उसळतो, तर त्याला हातानंच दाबते खाली.
आई हसू लपवते पदरात.
एक फूल पडतं. आणखी एक.
पाच बोटं संपली, दुसऱ्या हाताचं एक,
अजून एक.

मग दात किंचित दाखवून, अगदी हळू,
'इ...'

थांब मैनी.
सांगू नकोस.
इ... इरु...