सत्यप्रत

कॉलेजच्या गेटसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
पोलीस भरती निघाली की पोट्टे रांग लावतात.
खेळाचं सर्टिफिकेट आहे का, विचारलं
तर हसतात. "कोन्ता खेळ, काका?"

अकरा वर्षं फुटबॉलची ढाल आमच्याकडे होती.
विद्यापीठाचे लोक आमचं नाव
फायनलच्या आधीच कोरून आणतात, असं म्हणायचे.
मी काही पाहिलं नाही.
चुना राजूरच्या भट्टीवरून यायचा, कोमट असतानाच.
गुंडावार सर स्वतः दोरी धरून रेषा मारत,
ओल्या रेषेवर कोणाचा पाय पडला
तर त्याच्या खानदानाचा उद्धार.
काळी माती. बुटाला दीड-दीड किलो चिकटायची,
बाहेरची टीम पहिल्या हाफातच बसायची.
आम्ही त्याला डावपेच म्हणायचो.

आता कोणालाही विचारा, कारण तयार आहे.
चहावाला ढवस म्हणतो, खाणीनं खेळाडू घेणं बंद केलं,
तवाच गेलं बाप्पा.
नोकरी नाही तं कोन कायले गुडघे फोडून घेईन?
लायब्ररीतल्या बाई म्हणतात, सर रिटायर झाले
आणि जागा भरलीच नाही;
तासिकेवरचा पोरगा तीन कॉलेजं करतो एका शिट्टीवर.
प्राचार्य म्हणतात, नॅक.
निम्म्या मैदानात डी.फार्मसी उभी आहे,
पेनल्टीचा ठिपका त्यांच्या जिन्याखाली कुठेतरी.
उरलेल्यात पहाटे पोरं सोळाशे मीटर धावतात,
मोबाईलवर वेळ लावून,
एकेकटी.

सगळं खरं आहे. मी मान हलवतो, पान उलटतो, बटण दाबतो.

पण मला तो बाक आठवतो,
निंबाखालचा, एक पाय विटेवर टेकवलेला.

बी.ए. झालो तेव्हा सर म्हणाले,
"एम.ए.ला नाव टाक. गोल कोन पाहीन?"
मी मराठीत एम.ए. केलं. मग राज्यशास्त्रात.
वर्गाचं दार कोणत्या बाजूला उघडायचं, आठवत नाही.
टेकाम, इलियास, दोन्ही बॅक,
आम्ही सगळेच पंचविशीपर्यंत शिकत राहिलो.

देवाजी कुळमेथे झरीकडच्या गुड्यावरून यायचा.
त्याच्या हातात चेंडू आवाज न करता थांबायचा,
कोंबडी अंड्यावर बसावी तसा.
तो माझ्यापेक्षा चांगला होता. सरांना माहीत होतं.
मलाही.
तीन सीझन त्यानं माझे हातमोजे सांभाळले,
घामेजलेले, उन्हात घालून, एकेक बोट सरळ करून.
एका फायनलला मला एकशे दोन ताप होता.
मी सांगितलं नाही कोणाला.

चौथ्या वर्षी तो आला नाही.
काऊन आला नाही, कोणी विचारलं नाही.
त्या वर्षीही ढाल आमचीच,
त्यामुळे कळायचं राहून गेलं.

मग आमचं वय संपलं, एकदमच,
अकरातल्या आठ जणांचं.
पुढच्या जुलैत सरांनी चेंडू काढला, हवा भरली,
सहा पोरं आली. त्यातला एक चुकून.
पहिलीच मॅच सात-शून्य.
सर बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले होते म्हणे.
मी नव्हतो. मी तेव्हा ही मशीन घ्यायला
नागपूरला गेलो होतो.

काल एका पोरानं भिंतीवरची फ्रेम पाहिली.
"काका, यातलं एक नाव खोडून
माहं टाकता येते का? भरतीपुरतं."
मी फ्रेम उतरवली, काच पुसली.
अकरा नावं, शेवटी सरांची सही.
बोट फिरवत खाली आलो, पुन्हा वर गेलो.
राखीव खेळाडूचं नाव
तेव्हा लिहीत नसत.

"नाही जमत," म्हटलं.
पोरगा तरी उभाच.
आधारच्या दोन प्रती काढून दिल्या.
चार रुपये झाले.
सुटे नव्हते त्याच्याकडे.