पाच सेंटिमीटर

अंबडला खैरनारच्या शेडमध्ये
लेथ थांबला की वाद सुरू होतो.
मागच्या चक्राला दात किती, तेहतीस की बत्तीस?
दोन वर्षं झाली, एका दातासाठी
ही शहाणी माणसं दात-ओठ खातायत.

खैरनार म्हणतो, इंजिनात दम आहे, बत्तीस लावा.
युनूस कोकणी कार्बुरेटरची जेट दिव्याकडे धरतो,
भोकातून आधी बल्ब बघतो, मग खैरनारला.
"समोरून वारा आला ना,
ही तुझी बत्तिशीच घशात जाईल."

बोडके मास्तर दोघांनाही नापास करतात.
हवा फाडणं सोपं, म्हणतात,
फाडलेली मागे नीट मिटवणं अवघड.
म्हणून गाडीला त्यांनी शेपूट दिलंय लांबलचक,
द्राक्षबागेच्या फवारणीच्या टाकीचं फायबर कापून.
तीनदा घासलं, रंगवलं,
तरी उन्हात ठेवलं की गंधकाचा वास येतो.

विशाखा गांगुर्डे वादात पडत नाही.
सत्तेचाळीस किलो, सातपूरला दिवसभर हातात व्हर्निअर,
संध्याकाळी इथे, एका उलट्या क्रेटवर.
तिनं एकदाच विचारलं होतं,
"आणि थांबायचं कुठे?"
त्यावर मात्र कोणाचंच मत नव्हतं.

मी यांच्यात मोजणीपुरता.
भूमी अभिलेखात एकतीस वर्षं
भावाभावांच्या बांधांमधून फीत ओढली.
बरोबर मोजलं म्हणून
कोणी कधी चहा पाजला नाही.

पौषातली पहाट. सिन्नरच्या पुढे
अजून न उघडलेला रस्ता,
ठेकेदाराच्या वॉचमनला सांगून मागून घेतलेला.
पट्ट्याची रांग अजून काळीच होती.
मी चारशे मीटर टाकले, बोटं वाकत नव्हती,
वहीत लिहिलं: तापमान नऊ.
दोन्ही टोकांना लावले प्रकाशाचे डोळे,
पॅकहाउसच्या पट्ट्यावरून उसने आणलेले.
आदल्या दिवशीपर्यंत ते पेट्या मोजत होते.

शेवटी तेहतीसच लावलं. कसं ठरलं, विचारू नका.

ती गेली तेव्हा आधी दिसली,
आवाज मागाहून आला,
एखादं लांब कापड टरकावं तसा.
पाठीवर वारा: आठ पूर्णांक सातशे बारा.
परत येताना तोच वारा छातीवर,
खैरनार पुटपुटत होता, ओढ, ओढ,
जणू बैल आहे.
नऊ पूर्णांक दोनशे सत्त्याऐंशी.

सरासरी वेगांची की वेळांची,
हे भांडण दिवाळीतच मिटलं होतं: वेळांची.
मास्तरांनी बोनेटवर कागद ठेवून भागाकार केला.
एकशे साठ पूर्णांक शून्य एक.

युनूसभाईंनी खैरनारला उचललं.
वॉचमननंही टाळ्या वाजवल्या, कशाला ते न कळता.

आणि मला ते नऊ अंश आठवले.

पोलादी फीत विसाला खरी असते.
थंडीत ती आकसते, अंग चोरते,
तिचे चारशे म्हणजे
चारशेला पाच सेंटिमीटर कमी.
वहीत मांडलं. पुन्हा मांडलं.
एकशे एकोणसाठ पूर्णांक नव्व्याण्णव.

पाच सेंटिमीटर. बांधावर एवढ्यासाठी
मी कुऱ्हाडी निघालेल्या पाहिल्यात.
गप्प बसलो असतो तर
कोणत्या तलाठ्याला कळणार होतं?

सांगितलं.

खैरनार खाली उतरला.
कोणीच काही बोललं नाही, मग सगळेच बोलले.
फितीला ताण किती दिला होता?
डांबर फुगत नाही का?
नऊ होते की दहा, थर्मामीटर कोणाचा?
मास्तरांचा चेहरा तर उजळलाच,
नवा विषय मिळाला होता.

विशाखानं हेल्मेट काढलं,
गालावर फोमचे वळ.
माझ्या हातातली वही घेतली,
आकडे वरून खाली तपासले,
कारखान्यात तपासते तसेच,
आणि खाली बारीक अक्षरात सही केली.

"पुढच्या वेळी फीत उन्हात मोजा,"
म्हणाली. "आणि बत्तीस लावा."

युनूसभाईंनी जेट खिशातून काढली,
सूर्याकडे धरली.